मालन खरातचं नाक

मालन खरात अंधेरीच्या एमआयडीसीत एसेन्सच्या कारखान्यात लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. गोळ्या, सरबतं, आइस्क्रीम यांत घालायचे वास तिथे बनत. बाटल्यांना झाकणं लावायची, एवढंच तिचं काम. तिसऱ्याच महिन्यात तिने एक अख्खं खोकं बाजूला सारलं आणि केमिस्ट चंद्रप्रकाश साहेबांना सांगितलं, "यावर अननस लिहिलंय, आत केळं आहे." झाकणं घट्ट होती. उघडून बघितलं तर खरंच केळं. तेव्हापासून साहेब प्रत्येक नवा वास आधी तिच्या नाकाखाली धरू लागले.

घरी, भांडुपच्या टेंभीपाड्यात, मात्र या नाकाचा सगळ्यांना वैताग. चार घरं सोडून कुणाचं दूध लागलं तर हिला आधी कळणार, आणि ही जाऊन सांगणार.

सत्त्याऐंशी साल संपता संपता साहेबांनी नोकरी सोडली. नाशिकला दिंडोरी रस्त्यावर वाईनचा नवा कारखाना उभा राहत होता, तिकडे ते गेले. पंधरा दिवसांत मालनला त्यांचं पत्र आलं. फेब्रुवारीत द्राक्षं यायला लागतील, प्रयोगशाळेत मदतनीस पाहिजे, येतेस का?

तिने ते दारातच उभ्या उभ्या तीनदा वाचलं. अडचण एकच होती, वडील.

अंबादास खरात फिटर होते आणि रोज सकाळी कामावर जाण्याआधी पंचशील म्हणत. त्यातलं पाचवं, दारूला न शिवण्याचं शील त्यांनी कधी मोडलं नव्हतं. दारूने वस्तीतली किती घरं बसली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"दारूच्या कारखान्यात?" ते म्हणाले.

"वाईन आहे, दादा. द्राक्षाची."

"द्राक्षाची काय नि गुळाची काय. चढते ना?"

"चढते." मालन खोटं बोलली नाही. "पण मी तोंडात घेणार नाही. थेंबसुद्धा नाही. मला फक्त वास घ्यायचाय."

अंबादास पत्रावरच्या पत्त्याकडे बघत बसले. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला त्यांचे वडील पायी नाशिकला गेले होते, आणि ते गाव आपण एकदाही बघितलं नाही, ही रुखरुख त्यांना जन्मभर होती.

"नाशिक," ते पुटपुटले. मग पत्र तिच्या हातात देत म्हणाले, "शब्द दिलायस. पाळ."

मुलुंड चेकनाक्यावरून तिने एस.टी. पकडली. कसारा घाट चढून गेल्यावर खिडकीतून येणारी हवाच वेगळी लागली, कोरडी आणि गार. म्हसरूळला सुंदराबाई नावाच्या विधवा बाईंच्या घरी तिला खोली मिळाली. बाईंची स्वतःची दोन एकर बाग होती. भांडुपहून निघावं तर नाहूर, मुलुंड, ठाणं, वस्ती संपतच नाही. इथे भाड्याच्या सायकलवर दहा मिनिटं पायडल मारलं की शहर संपायचं आणि दोन्ही बाजूंना मांडवावर चढलेले वेल सुरू व्हायचे. पहिल्या सकाळी ती कारखाना मागे टाकून उगाचच पुढे चार मैल गेली. ओली माती, फवारणीचं गंधक, पिकू लागलेली द्राक्षं. एकेका वळणावर वास बदलत होता. धापा टाकत परत आली, तर साहेब फाटकावर उभे.

"रस्ता चुकलीस?"

"नाही साहेब. बघून आले."

फेब्रुवारीत द्राक्षांचे क्रेट येऊन पडू लागले आणि सगळा कारखाना आंबूस-गोड वासाने भरून गेला. अकरा टाक्या होत्या. मालन रोज भरलेल्या प्रत्येक टाकीतला नमुना ग्लासात घ्यायची, हुंगायची, वहीत लिहायची. ओला पेंढा. जांभूळ. तव्यावरचा गूळ. बाकीचे चाखून थुंकत. ही चाखत नाही म्हणून ते हसत, पण तिची वही वाचायला घोळका करत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौथ्या टाकीपाशी ती थबकली. पुन्हा हुंगलं. पळतच प्रयोगशाळेत गेली.

"साहेब, चार नंबरला नखपॉलिशचा वास येतोय."

"परवाच तपासलंय मी. आकडे व्यवस्थित होते."

"परवा नव्हतं. आज आहे. अंधेरीला त्या सॉल्व्हंटच्या पिंपातून यायचा ना, तोच वास."

साहेबांनी आणखी दोघांना हुंगायला लावलं. दोघांनाही काही लागलं नाही. तरी साहेबांनी बाही सारून चाचणी लावली. मालन शेजारी उभी. आपण चुकलो तर? आंबटपणाचा आकडा वर गेला होता. फार नाही, पण गेला होता. टाकीच्या झाकणाचं रबर एका बाजूने चिरलेलं निघालं. आत हवा शिरत होती, आणि वाईनचा सिरका व्हायला सुरुवात झाली होती. आठवडा गेला असता तर सहा हजार लिटर ओतून द्यावे लागले असते. दुपारपर्यंत सगळा माल रिकाम्या टाकीत ओढून, औषध घालून, काठोकाठ भरून बंद केला. पाइप धरायला मालनही होती. साडी गुडघ्यापर्यंत जांभळी झाली होती आणि ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून मालनने हुंगल्याशिवाय एकही टाकी बाटलीत जाणार नाही."

एप्रिलच्या शेवटी अंबादास आले. आधी तिने त्यांना त्रिरश्मी डोंगरावरच्या बुद्धलेण्यांत नेलं. तिथे त्यांनी सावकाश, मोठ्याने पंचशील म्हटलं. मग कारखान्यात. अकराही टाक्यांमधून ते हात मागे बांधून फिरले. चौथ्या टाकीपाशी वाकून त्यांनी नव्या रबराभोवतीचे बोल्ट एक एक करून चाचपले.

"हे कुणी बसवलं?"

"इथल्या फिटरने."

"एका बाजूला जास्त आवळलंय. पुन्हा चिरेल. पाना आण."

मालन पाना आणायला धावली.