बटण उजव्या हाताला

धनेश मला पहिल्यांदा नीट भेटला तो गवतात पालथा पडलेला. दिघीत आमच्या बिल्डिंगच्या मागे लष्कराचं कुंपण आहे आणि कुंपणाच्या अलीकडे एक मोकळं रान. तळमजल्यावर नव्याने राहायला आलेल्या जोडप्यातला हा माणूस, पाऊस उघडल्यावर ओल्या चिखलात पोटावर पडलेला बघून मी घाबरलेच.

"अहो, लागलं का तुम्हाला?"

"नाही काकू," तो मान न वळवता म्हणाला. "थेंब बघतोय. जरा तिकडूनच या, गवत हलतंय."

त्याच्या हातात कॅमेरा होता. त्याने काढलेला फोटो मला मागच्या पडद्यावर दाखवला. गवताच्या टोकाला एक थेंब आणि त्या थेंबाच्या आत तेरड्याचं गुलाबी फूल, पाकळ्यांसकट, पण उलटं. ते फूल मागे हातभर अंतरावर खरोखर उभं होतं. मी त्याच्याजवळून रोज जात होते.

"थेंबात सगळं उलटं दिसतं," तो म्हणाला. "मागं काय आहे ते आपण शोधायचं. बाकी थेंबच करतो."

धनेश मूळचा परांड्याकडचा. आयटीआय करून चाकणला आला आणि पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर लागला. दारू नाही, तंबाखू नाही, मित्रही फारसे नाहीत. पहिल्यांदा हातात चार पैसे उरले तेव्हा त्याने जुना कॅमेरा घेतला आणि अगदी जवळून फोटो काढायची एक लेन्स. त्याची बायको जयमाला हसून सांगायची, "लग्नाच्या अल्बममध्ये माझे फोटो कमी आणि माझ्या गजऱ्यावरच्या पाण्याचे जास्त."

जूनपासून दसऱ्यापर्यंत सुट्टीच्या दिवशी पाऊस थांबला की तो मागच्या दाराने बाहेर. अळूची पानं, कुर्डूचे तुरे, कोळ्याची जाळी. मी कधीकधी छत्री घेऊन मागे उभी राहायचे. या फोटोत फोकस हाताने नाही, अंगाने करायचा असतो, हे त्यानेच मला सांगितलं. श्वास रोखायचा, सगळं अंग सावकाश पुढे न्यायचं, आणि थेंबाची कड स्वच्छ दिसली त्याच क्षणी बोट दाबायचं. केसभर पुढे गेलं की सगळं धूसर. त्याचं बोट दाबलं गेलेलं मला कळायचंही नाही, फक्त आवाज यायचा.

चिंचवडच्या एका हौशी मंडळाने त्याचे दोन फोटो प्रदर्शनासाठी निवडले. त्या संध्याकाळी त्याने बिल्डिंगमध्ये घरोघरी पेढे दिले. जयमालाने त्याच्यासाठी नवा सदरा आणून ठेवला.

त्याच महिन्यात प्रेसने त्याचा हात घेतला. हात मध्ये आला की मशीन थांबावं म्हणून तिथे सेन्सर असतो. पण सेन्सरमुळे काम सारखं अडतं म्हणून कारखान्यात तो बंदच ठेवलेला असायचा. सगळ्यांना माहीत होतं, धनेशलाही. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या जवळचं बोट तेवढं उरलं.

प्रदर्शन ठरलेल्या दिवशी झालं. तो इस्पितळात होता. "तू जाऊन ये," असं त्याने जयमालाला सांगितलं, म्हणून मी तिच्यासोबत गेले. फोटो मोठे करून, चौकटीत लावले होते. लोक थांबून वाकून बघत होते. एका बाईंनी विचारलं, "हे काढणारे आलेत का? भेटायचं होतं."

"ड्युटीवर आहेत," जयमाला म्हणाली. परतीच्या बसमध्ये ती दिघी येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

जखम भरल्यावर कंपनीने त्याला गेटवर बसवलं, पण पुढच्या वर्षी ठेकेदार बदलला आणि नव्या ठेकेदाराने त्याला घेतलं नाही. जयमाला भोसरीला पॅकिंगच्या कामाला जायला लागली. धनेश घरी राहिला. डाव्या हाताने जेवायला शिकला, भाजी चिरायला शिकला. कॅमेऱ्याचं बटण मात्र उजव्या हाताला असतं. लक्ष्मी रोडच्या आसपासची सगळी दुकानं तो पालथी घालून आला. "डावखुऱ्यांचा कॅमेरा कुणी बनवतच नाही, भाऊ," असं त्याला प्रत्येक दुकानात ऐकायला मिळालं.

मग त्याने नाना उपाय केले. कॅमेरा उलटा धरून पाहिला. त्यात उरलेली दोन बोटं त्याचं वजन पेलेनात. तिकाटण्यावर, म्हणजे ट्रायपॉडवर, लावून पाहिला, पण वाऱ्याने पान हलायचं आणि तिकाटणं हलत नसायचं. शेवटी त्याने वायरवरचं बटण आणलं, डाव्या हाताने लेन्स धरली, उजवं मनगट खाली टेकवलं आणि बटण दातात धरलं. चावताना डोकं हलायचं. तेवढ्यात थेंब निसटायचा. मोबाईलवर काढा, असं मी सुचवलं. त्याने काढलाही आणि मला दाखवला. "यात थेंब दिसतो, काकू. आतलं काही दिसत नाही."

त्यानंतर जयमाला त्याच्याबरोबर जायला लागली. तो कॅमेऱ्याला डोळा लावून पुढे सरकायचा, ती शेजारी उकिडवी बसून वायरचं बटण धरायची.

"आत्ता."

खट्.

"उशीर झाला."

"तुम्ही म्हणालात की लगेच दाबलं हो."

"मी म्हणेपर्यंतच उशीर होतो. तुझी चूक नाही."

त्याने ‘आत्ता’ जरा आधीच म्हणून पाहिलं, खांद्याने खूण करून पाहिलं. तो सारा पावसाळा दोघं भिजले. सुट्टीच्या दिवशी तिचे कपडे वाळत घातलेले दिसायचे तेव्हा मला वाटायचं, हिने आठवडाभर उभं राहून काम केलंय, हिने आज झोपायला हवं होतं.

गणपती होऊन गेल्यावरच्या एका रविवारी तो दमून दगडावर बसला. जयमालाने कॅमेरा उचलला आणि स्वतःच कुर्डूसमोर पालथी पडली. तिने श्वास रोखला, हळूहळू पुढे झाली आणि एकदाच बटण दाबलं. मी तिथेच होते. फोटोत पानाच्या कडेला एक थेंब होता आणि आत कुंपणापलीकडची टेकडी, तिच्यावरची झाडं, वरचं राखाडी आभाळ, सगळं उलटं आणि कोरीव.

धनेशने तो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात पाहिला. खूप वेळ पाहिला.

"चांगला आलाय," तो म्हणाला.

"तुम्ही सांगता तसंच केलं फक्त."

"हो." त्याने एका हाताने लेन्सला झाकण लावलं, कॅमेरा बॅगेत ठेवला आणि घराकडे चालायला लागला. जयमाला कपड्यांवरचं गवत झटकत तशीच उभी राहिली. तिला वाटलं होतं, तो हसेल.

पुढच्या पावसाला ती तयार होऊन दारात आली. "तू जा," तो म्हणाला. ती गेली नाही. त्यानंतरही कधी गेली नाही. एकदा माझ्याकडे भाजी निवडत बसली असताना म्हणाली, "मी काढले तर हे भिंतीकडे तोंड करून पडतात. नाही काढले तर म्हणतात, माझ्यामुळे तुझं अडलं. मला त्यांच्यासोबत जायचं होतं, काकू. फोटोचं मला काय करायचंय?" मी शेंगा सोलत राहिले.

दोन पावसाळे बॅग कपाटावर पडून राहिली. आमच्याकडे भिंतींना ओल येते. जयमालाने एकदा सहज उघडून पाहिली तर लेन्सच्या आतून पांढरी बुरशी पसरलेली. ती गुपचूप पुण्याला जाऊन दाखवून आली. बुरशीने काच खाल्लीये, आता पुसून निघायची नाही, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं. तिने घरी येऊन भीतभीतच सांगितलं. धनेश म्हणाला, "असू दे," आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

आता तो रावेतला एका मोठ्या सोसायटीत गेटवर असतो. येणाऱ्या गाड्यांसाठी दांडी वर करायची, खाली करायची. ते डाव्या हाताने जमतं. मागच्या आठवड्यात जिन्यात भेटला तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तिथे बाग मोठी आहे म्हणतात."

"असेल, काकू," तो म्हणाला. "मी गेटवर असतो."