दिराची मुलं

आमची चाळ पाडून टॉवर होणार हे ठरल्यापासून दारात कुणी फाइल घेऊन उभं राहिलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. घरात कोण कोण राहतं ही चौकशी बिल्डरचीच माणसं करतात, असं आम्ही सगळे धरून चालतो. एखादा इथे राहत नाही हे कळलं, की त्याचा खोलीवरचा हक्क गेलाच म्हणून समजा.

त्यामुळे आरोग्य केंद्रातली बाई ‘पाच वर्षांखालची मुलं किती?’ विचारत आली, तेव्हा सासूबाईंनी माझ्या मुलीबरोबर दिराचीही दोन मुलं सांगून टाकली. दीर लग्न झाल्यापासून विरारला राहतो.

रविवारी ती पोलिओचा डोस घेऊन हजर. माझ्या मुलीला पाजला, करंगळीला शाई लावली आणि म्हणाली, “बाकीची दोघं?”

“मामाकडे गेलीत,” सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. सासूबाई म्हणाल्या, “झोपलीत.” एवढ्याशा खोलीत झोपणार कुठे? तिने सरळ आत डोकावून पाहिलं आणि मी भडकले. “पोलिओचं निमित्त करून घर बघायला आलात ना? खरं सांगा, कुणी पाठवलंय?”

तिने डोसची पेटी खाली ठेवली.

“ताई, मी मागच्याच चाळीत राहते,” ती हळूच म्हणाली. “आमच्याकडे दुसरी बाई येते. माझ्या सासूने तिला नणंदेची मुलं सांगितलीत. ती बदलापूरला असतात.”