सहा वर्षांचं माप

मुलुंडच्या महिला मंडळात अंजनाबाई परबांइतकं सफाईदार विणकाम कुणाचंच नव्हतं. १९८६च्या डिसेंबरात मंडळाने गोवंडीच्या एका शाळेतल्या पहिलीच्या मुलांसाठी तीस स्वेटर विणायला घेतले. मुलं सहा वर्षांची, म्हणून अंजनाबाईंनी आपल्या सहा वर्षांच्या नातवाच्या अंगाला टेप लावून माप घेतलं.

वाटायला त्या स्वतः गेल्या. पहिल्याच मुलीच्या डोक्यावरून त्यांनी लाल स्वेटर घातला आणि त्यांचे हात जागीच थांबले. स्वेटर पार गुडघ्याखाली गेला होता. बाह्यांत तिचे हात सापडेनात.

"बाई, ही तर तीन वर्षांची दिसते. सहाची मुलं आणा ना," त्या शिक्षिकेला म्हणाल्या.

"सहाचीच आहे ती, काकू. पुढच्या महिन्यात सात पूर्ण होतील."

अंजनाबाईंनी रांगेकडे पाहिलं. सगळी तेवढीच. 

"अहो, मुलुंडहून इथं यायला तासभरसुद्धा लागत नाही, आणि आम्हाला काही ठाऊकच नाही," त्या कशाबशा पुटपुटल्या.

मुलगी मात्र स्वेटर काढू देईना. मग अंजनाबाईंनी तिच्या बाह्या दुमडून तिथेच टाके घातले.

सोमवारी मंडळात नव्या लोकरीचा विषय निघाला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लोकर राहू दे गं. आधी त्यांना खायला काय न्यायचं, ते बोला."