सोडलेली फळं

देवानं या जगात जेवढी म्हणून फळं पिकवली, त्यातली निम्मी तरी माझ्या मावससासूबाईंनी त्याची त्याला परत करून टाकली होती. तीर्थाला गेलं की एक फळ जन्मभरासाठी सोडायचं, ही रीत आपल्याकडे सगळ्यांचीच. शहाणी माणसं काशीला जातात आणि न आवडणारं काहीतरी सोडून येतात. मावशींना हे जमलं नाही. शिवाय त्यांना सोडायला काशीच लागे असंही नाही. मेहकरच्या बालाजीसमोरसुद्धा त्यांचं काम भागे. नवऱ्याच्या अस्थी घेऊन काशीला गेल्या तेव्हा आंबा सोडला. माझ्या बायकोचं लग्न जमेना म्हणून सीताफळ सोडलं, आणि मग मी मिळालो. हा सौदा कोणाला महाग पडला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. भाचा मॅट्रिकला बसला तेव्हा पेरू, म्हणजे आमच्या वऱ्हाडातला जाम, सोडला. भाचा नापास झाला. भावाची म्हैस आजारी पडली तेव्हा संत्रं गेलं. म्हैस उठली आणि महिन्याभरानं मेली. मी म्हटलं, मावशी, आता संत्रं तरी परत घ्या. तर म्हणाल्या, "काऊन? म्हस बरी झाली होती का नाई? मंग मेली ते येगळं."

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता त्या काळातली ही गोष्ट. मी मेहकरला शाळामास्तर होतो, आणि मावशी आमच्यापासून तिसऱ्या घरात एकट्या राहत. मूलबाळ नव्हतं. माझ्या बायकोची आई लवकर गेली, तेव्हा हिला त्यांनीच वाढवलं होतं. साठी उलटलेली, देह ऐसपैस. आठवड्यातून तीन उपवास करीत आणि उपवासानं माणूस वाळतो हा समज त्यांनी एकटीनं खोटा पाडला होता. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, ते त्यांच्या ताटाकडे बघून कळे. तुपात थबथबलेली भगर, शेंगदाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, परतलेली रताळी. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना घरून देवळापर्यंत जायला दोनदा बसावं लागे. पुढे पुढे पाय सुजू लागले, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर राहू लागलं. शेवटी बायकोनं माझ्यामागे भुणभुण लावली आणि मी मावशींना मोटारीत घालून बुलढाण्याला नेलं.

तिथले डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी छातीला नळी लावली, घोटा दाबून पाहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदयावर फार ताण आहे. वजन असंच राहिलं तर लघवीत साखरही दिसू लागेल. हे तुपातले उपवास बंद. या वयाच्या बायका फळांकडे बघतच नाहीत, भाकरी संपवण्यातच त्यांचा जन्म जातो. रोज फळ द्या. नाहीतर मला फार दिवस दिसत नाहीत." रोज फळ. मी मान डोलावली. मोटारीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की हे औषध बाजारात मिळतं, पण रोग्याच्या तोंडात जात नाही.

त्यानंतरचे आठवडी बाजार आठवले की मला अजून थकल्यासारखं होतं. शाळा सुटली की पिशवी घेऊन निघायचं, एकेक फळ मावशींपुढे ठेवायचं आणि ते कुठे नि कोणासाठी सोडलं याचा इतिहास ऐकून परत यायचं. केळी नेली, ती गयेला गेलेली. रामफळ नेलं, ते दिराच्या कोर्टाच्या कामात खपलेलं. बोरं तरी बोरं म्हणून नेली, तर ती माझ्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणाला सोडलेली निघाली. मी देवळातल्या भटजींना गाठलं. ते भले गृहस्थ. औषध म्हणून खायला हरकत नाही, दोष लागत नाही, असं त्यांनी मावशींना समक्ष सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "महाराज, आंबा मले गोड लागन. गोड लागलं त औषध कसं होईन?" भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी उचलली.

आमच्या विहिरीजवळ पपईचं एक झाड आपोआप वाढलं होतं. त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, देवाचंही नसावं. मी एक पपई नेली. मावशी म्हणाल्या, "हे नाई सोडलं." मी उभाच राहिलो. "याले काय सोडाव? मले आवडतच नाई. नावडतं सोडून देवाले फसवता येते काय?" जावयाच्या घरचं अन्न त्या घेत नसत, पण फळाला दोष नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी एरंडेल घ्यावं तशी पपई खाल्ली. मी रोज सकाळी शाळेआधी चार फोडी घेऊन जाई आणि त्या खाईपर्यंत समोर बसून राही. भगरीतलं तूप बायकोनं भांडून कमी केलं. तीन-चार महिन्यांत पायांची सूज उतरली. देवळापर्यंत त्या एकदाच बसू लागल्या, मग बसेनाशाच झाल्या. मला उशीर झाला तर दारात उभ्या राहून वाट पाहू लागल्या. एकदा म्हणाल्या, "जावईबापू, आजची लई गोड होती." मला इतका आनंद झाला की मी वर्गात त्या दिवशी कोणाला रागावलो नाही. माझी चूक तिथेच झाली, पण ती तेव्हा कळली नाही.

त्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस मी या जगात नव्हतो. उठून भिंत धरून चालता येऊ लागलं तेव्हा पहिलं काम म्हणून चार फोडी घेऊन मावशींकडे गेलो. त्या जात्याजवळ बसल्या होत्या, पाय पुन्हा सुजलेले. त्यांनी माझ्याकडे डोळे भरून पाहिलं आणि ताटली हळूच माझ्याकडे सरकवली.

"तुमी खा. मी सोडली."

"पपई? ती तर तुम्हाला आवडत नव्हती."

"पयले नव्हती. मंग तुमीच आवड लावली ना," त्या म्हणाल्या. "माह्यापाशी आवडतं दुसरं काई उरलंच नव्हतं."

मी चिडलो. आजारातून उठलेल्या माणसाला जेवढं चिडता येतं तेवढं चिडलो. तुमचं काळीज थकलंय, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना, असं बरंच बोललो. त्या मग म्हणाल्या, "पोरीचं कुकू राह्यलं. माह्यं काळीज कशाले पायजे आता?" मी त्या फोडी त्यांच्यासमोर बसून खाल्ल्या. त्यांनी मला खायलाच लावल्या.

पुढच्या पावसाळ्याआधी मावशी गेल्या. पपई खाल्ली असती तर राहिल्या असत्या का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मला पेललं नसतं.

आता माझी बायको त्याच वयाची झाली आहे. जिन्यात मधेच थांबते, संध्याकाळी घोटे सुजतात. नवे डॉक्टर तेच सांगतात: फळं खा. मी बाजारात जातो, पण एकच फळ दोन आठवडे सलग आणत नाही, आणि कुठल्याही फळाची तिच्यासमोर तारीफ करत नाही. तिला कशाचीच फार आवड लागू नये, एवढी काळजी घेतो. परवा मी चार दिवस तापानं पडून होतो. उठून स्वयंपाकघरात गेलो, तर आजारी पडायच्या आदल्या दिवशी आणलेली डाळिंबं टोपलीत तशीच होती.

"काऊन खाल्ली नाईत?" मी विचारलं.

"मले नाई आवडत," ती पाठमोरी राहूनच म्हणाली.

मागच्या महिन्यात डाळिंबाचे दाणे सोलता सोलता तिनं अर्धे तोंडात टाकलेले मी पाहिले होते. मी एक डाळिंब घेतलं, फोडलं आणि तिच्याजवळ बसून एकटाच खात राहिलो.