खारबावच्या खोलीचा उघडा दरवाजा

पूर्णा गावात गोदामांच्या रांगेमागे, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. भिवंडी आणि आसपासच्या गावांना इंटरनेट पुरवणारी छोटी कंपनी. गोदामं, लूमचे कारखाने, दवाखाने अशी गिऱ्हाइकं. माझं काम दिवसभर स्क्रीनसमोर बसून अलार्म बघायचं. कुठे मशीन बंद पडलं, कुठे वीज गेली, कुठे मशीनची खोली तापली, की तिथून एक ओळ येऊन स्क्रीनवर पडायची. लाल ओळ म्हणजे लगेच धावायचं, पिवळी म्हणजे सवडीने बघितलं तरी चालेल.

सुरुवातीला या ओळींनी मी रडकुंडीला यायचे. रस्ता खोदताना एक केबल तुटली की तिच्या पुढची सगळी मशीनं एकदम ओरडायला लागायची. दुखणं एकच, पण स्क्रीन लालेलाल. मग कंपनीने एक सॉफ्टवेअर बसवलं. कोणतं मशीन कोणत्या केबलच्या भरवशावर आहे, हे त्याला सांगून ठेवलेलं होतं. केबल तुटली की ते तेवढी एकच ओळ वर ठेवायचं आणि बाकीच्या सगळ्या तिच्या पोटात दुमडून टाकायचं. आमची शिफ्ट शांत झाली. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

खारबावच्या बाजूचं फील्डचं काम, म्हणजे जागेवर जाऊन दुरुस्ती, एका काकांकडे होतं. पन्नाशी उलटलेले, तिथल्याच शेतकरी घरातले. पावसाळ्यात ड्युटी सांभाळून भात लावायचे. माझं माहेर खारबावचं, लग्नानंतर मी भिवंडीत आले. गावाकडची म्हणून ते मला पोरी म्हणत. फोनवर आमचं रोज बोलणं व्हायचं, पण ऑफिसात ते क्वचितच येत.

मे महिन्यातली दुपार होती. खारबाव स्टेशनजवळच्या आमच्या मशीनच्या खोलीतून ओळ आली की एसी बंद पडलाय, तापमान चढतंय. मी काकांना फोन लावला.

"निंगतो आता," ते म्हणाले. "जेवन झालाय माजा."

"उन्हाचं जपून जा, काका."

"ऊन काय आजचा हाय का, पोरी?"

थोड्या वेळाने त्याच खोलीची पिवळी ओळ आली, दरवाजा उघडला म्हणून. म्हणजे काका पोचले. मी दुसऱ्या कामाला लागले. तेवढ्यात अंजूरफाट्याच्या रस्त्यावर खोदकामात आमची मोठी केबल तुटली आणि खारबावकडची सगळी बाजू गेली. सॉफ्टवेअरने आपलं काम चोख केलं. केबलची एक लाल ओळ वर, बाकी सगळं तिच्या पोटात. काकांच्या खोलीतल्या दोन्ही ओळीही त्यातच गेल्या, कारण ती खोलीही त्याच केबलवर होती.

फोन खणखणायला लागले. गोदामवाले हिंदीत ओरडत होते, दवाखान्यातली मुलगी मराठीत विनवत होती. आमचे साहेब केबल जोडणाऱ्या टीमच्या मागे लागले होते. मध्ये एकदा मी काकांना फोन केला, तर लागला नाही. त्या बाजूचा मोबाइल टॉवरही त्याच केबलवर होता, त्यामुळे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

केबल जोडली गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लाल ओळ गेली, तिच्या पोटातल्याही एकेक करून गेल्या. साहेबांनी खुर्चीत मागे टेकून चहा मागवला. स्क्रीनवर खारबावच्या दोनच ओळी उरल्या होत्या. खोली तापलेली आणि दरवाजा उघडा.

मी पुन्हा काकांना फोन लावला. आता रिंग जात होती, पण उचलत नव्हते. परत लावला, पुन्हा तेच.

"साहेब, काका फोन उचलत नाहीत."

"गरमीत कोण बसेल आत? झाडाखाली टेकले असतील."

"ते दरवाजा उघडा टाकून जायचे नाहीत, साहेब. आत बॅटऱ्या आहेत, चोरीला जातात."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि स्क्रीनजवळ आले. "तिकडे जवळपास आपलं कोण आहे?"

आपलं कुणीच नव्हतं. मी माझ्या आईला फोन केला. आमच्या घरापासून ती खोली लांब नाही. आई तेव्हा अंगणात भाजी निवडत होती. मी नीट काही सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की स्टेशनजवळच्या खोलीत आमचे काका आहेत, जाऊन बघ आणि फोन चालू ठेव. तिची पावलं, श्वास, वाटेत कुणाला तरी सोबत बोलावल्याचा आवाज, हे सगळं मी ऐकत होते. साहेब शेजारी उभे होते. मग आई म्हणाली,

"अगं, हे तं दारातच पडलंन. डोले उघडे हायेत. माज्याकडं बघतान, पन बोलत न्हाय."

साहेबांनी माझ्या हातून फोन घेतला आणि आईला सांगितलं की पाणी पाजू नका, कुशीवर करा, सावलीत घ्या आणि मिळेल ती गाडी करून भिवंडीला आणा. शेजारच्याच्या रिक्षातून काकांना भिवंडीला आणलं. वाटभर त्यांचं डोकं आईच्या मांडीवर होतं.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. काका वाचले. उजवा हात आणि पाय मात्र गेल्यासारखे झाले, आणि बोलणं पार अडकलं. लवकर कळलं असतं तर, असं काकांच्या बायकोने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं असतं कदाचित, सांगता येत नाही. मी दाराशी उभी होते. काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुज्या आयनी आनला, म्हनून हाय तो." त्याहून जास्त त्या कधीच काही बोलल्या नाहीत.

ऑफिसात मी साहेबांना सांगितलं की माणूस खोलीत गेला असेल तर त्या खोलीची ओळ कशाच्याच पोटात जाता कामा नये. ते म्हणाले, दरवाज्याचे अलार्म दिवसभर येतच असतात, पुन्हा सगळा गोंधळ होईल. मी म्हटलं, होऊ दे. त्यांनी वाद घातला नाही. तेव्हापासून फील्डचा माणूस आत गेला की त्याची ओळ सुटी राहते, आणि तो बाहेर पडल्याचा फोन येईपर्यंत आमच्यापैकी एकाची नजर तिच्यावर असते.

दिवाळीनंतर काका खोल्यांच्या चाव्या द्यायला आले. मुलाने दंडाला धरून जिना चढवला. माझ्या खुर्चीत बसून ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"माजा... कंचा व्हता?" त्यांनी विचारलं. एकेका शब्दाला वेळ लागत होता.

मी त्या दिवसाचे जुने अलार्म उघडून ती पिवळी ओळ दाखवली. त्यांनी डाव्या हाताचं बोट तिच्यावर ठेवलं.

"एवराच?"

"एवढाच, काका."

ते हसले की नाही, कळलं नाही. तोंडाची एक बाजू हलत नव्हती. मग मुलाने त्यांना उठवलं आणि आम्ही सगळे खाली गाडीपर्यंत गेलो.

आता मी रविवारी त्यांना फोन करते. भाताचं विचारते. ते सांगायला लागतात आणि मध्येच शब्दासाठी थांबतात. तो शब्द बऱ्याचदा मला आधीच कळलेला असतो. त्यांना सापडेपर्यंत फोन कानाशी धरून बसते.