आधी दवाखाना, मग मत

रिह्याच्या खोऱ्यावरच्या वाडीला गाडी येते ती फक्त निवडणुकीला. म्हणून वाडीतल्या बायका आपली दुखणी मतदानापर्यंत राखून ठेवतात. ताप-खोकला झाडपाल्यावर निभतो. पण जी दुखणी चारचौघांत सांगता येत नाहीत, ती पदराआड झाकायची आणि निवडणुकीची वाट बघायची. लोकशाहीवर एवढा भरवसा अख्ख्या मुळशीत दुसऱ्या कुणाचा नसेल.

फुलाबाईचा तर सगळ्यांत जास्त. तिचं अंग बाहेर यायचं. धाकट्या मुलाच्या वेळी पिशवी जी खाली उतरली, ती वर गेलीच नाही. घट्ट कापड बांधून बाईने भाताची आवणी केली, लाकडाच्या मोळ्या वाहिल्या. पण नुसतं घटकाभर उभं राहायचं म्हटलं की खाली असं ओढायचं, की जीव नकोसा व्हायचा. नवऱ्याला, धाकलूला, तिने कंबर दुखते एवढंच सांगितलेलं. तो भला माणूस वर्षानुवर्षं तिच्या कंबरेला करंजाचं तेल चोळतोय आणि गुण येत नाही म्हणून तेलवाल्याला शिव्या देतोय.

मत पडेपर्यंत उमेदवार ‘मावशी, मावशी’ करत जीपचं दार उघडून धरायचा. बोटाला शाई लागली, की जीप गडप. मतदान खालच्या शाळेत, दवाखाना पार तालुक्याला. मग बायका आपल्या दुखण्यासकट पुन्हा डोंगर चढायच्या. असं दोन-तीनदा झालं, आणि यंदाच्या ग्रामपंचायतीला फुलाबाई शहाणी झाली.

उमेदवार हनुमंत स्वतःच जीप घेऊन आला. वॉर्ड लहान, वाडी वळेल तिकडे निकाल. मतदारांना असं गाडीत घालून नेणं कायद्यात बसत नाही म्हणतात. पण जीपमध्ये दहा बायका बसतात. फुलाबाई पुढच्या सीटवर बसली आणि शाळेचा फाटा दिसला तशी म्हणाली, “हनुमंता, आदी दवाखाना. मत मंग.”

हनुमंताने जीप थांबवून परोपरीने समजावलं. आधी मत टाका, मग दवाखानाच काय, देवदर्शनही घडवतो. वर आईची शपथ घेतली.

“मागल्या टायमालाबी आईचीच घेतली हुतीस,” फुलाबाई म्हणाली. “बरी हाय न्हवं ती?”

मागच्या बायका उतरायला लागल्या. हनुमंताने मुकाट्याने जीप तालुक्याकडे वळवली.

मतदानाची सुट्टी असूनही दवाखान्यात डॉक्टर रजनी मॅडम ड्यूटीवर होत्या. तेवढाच वेळ वाचेल म्हणून केसपेपरच्या खिडकीशी हनुमंतच उभा राहिला. आतला माणूस एकेकीची तक्रार विचारी. कुणाच्या अंगावरून महिना महिना जात होतं, कुणाला पांढरं जात होतं. बायका मागून खणखणीत आवाजात सांगत आणि प्रचारात महिलांच्या आरोग्यावर तासभर बोललेला हा गडी ते खिडकीत पुटपुटताना कानापर्यंत लाल होई. शेवटच्या बाईची तक्रार काय म्हटल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं, “मतदान साडेपाचला बंद होतंय.”

आत मॅडमनी फुलाबाईला तपासलं. हे कधीपासून, म्हणून विचारलं.

“धाकटं पोरगं झालं तवापास्नं.”

“केवढा आहे तो?”

“त्यालाबी पोरगं हाय आता.”

मॅडम चिडल्या; फुलाबाईवर नव्हे, पण कुणावर ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. ऑपरेशन करावं लागेल म्हणाल्या, आणि तोवर आधाराला आत एक रबरी रिंग बसवून दिली, मिसरीच्या डबीएवढी. अर्ध्या आयुष्याचं दुखणं आणि पाव तासाचं काम. संताप येतो तो याचाच.

परतीच्या वाटेवर हनुमंताने चाचरत विचारलं, मत मलाच ना? ते आत्ताच सांगितलं तर पुढच्या खेपेला तू कशाला येशील, असं फुलाबाईने त्यालाच विचारलं. वर बजावलं, की दर महिन्याला नर्स वाडीवर आली पाहिजे. पाच वर्षं दुखणं दाबून ठेवायला आम्ही काय लोणचं घालतोय? हनुमंत हो म्हणाला. त्या घडीला तो कशालाही हो म्हणाला असता.

शाळेशी पोचले तेव्हा फाटक लावायची वेळ झाली होती आणि रांग ही लांबलचक. एरवी रांगेत फुलाबाई भांडून पुढे घुसायची. आज ती येईल तिला वाट देत होती. तू हो पुढे, तुझं तान्हं घरी आहे. तू पण जा. असं करता करता ती पार शेवटाला गेली. फाटकापाशी हनुमंत घामाघूम झाला.

“मावशी, आता तरी म्होरं सरका की. पाया पडतो.”

फुलाबाईने पदर सावरला. पाय रोवून, ताठ उभी राहिली.

“सरकते रं. पर जरा ऱ्हाऊ दे. लई वर्सांनी नुसती उबी हाय.”