उमापूरच्या वाटेवर थांबलेली गाडी

त्या वर्षी नवरात्रात तलवाड्याच्या डोंगरावर देवीसमोर उभी राहिले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. एकच मागणं मागून मागून मी थकले होते. माझं पोट बरं कर, बाकी काही नको. आधी नारळ बोलले, मग ओटी बोलले, मग अनवाणी चढून येईन म्हणाले. गुण यायची वाट न पाहता हे सगळं आधीच करूनही झालं होतं. पोट मात्र होतं तसंच. पायऱ्या उतरताना पहिल्यांदाच मनात आलं, की वर कुणी ऐकणारं आहे का, का आपण उगीच दगडाशी बोलतोय? तो विचार आला आणि मीच घाबरले. सोबत सासूबाई होत्या, त्यांना काही बोलले नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे. गेवराईहून उमापूरकडे जाणाऱ्या गाडीवर बहुतेक वेळा माझी ड्युटी असते. हे काम मला मनापासून आवडतं. माणसं ओळखीची होतात, कुणाची लेक माहेरी निघाली, कुणाची म्हैस व्याली, सगळं तिकीट फाडता फाडता कळतं. पण पोटाच्या दुखण्यानं या कामातला आनंद हिरावून घेतला होता. ताप आला तर माणूस चारचौघांत सांगतो. हे कसं सांगायचं? चालत्या गाडीत एकाएकी पोटात पीळ पडतो, कपाळावर घाम येतो आणि पुढचं गाव अजून लांब असतं. पुरुष माणूस कुठंही आडोसा शोधतो. खाकी कपड्यातल्या बाईनं भरल्या गाडीसमोर काय करायचं?

बीडच्या डॉक्टरांनी तपासण्या करून आयबीएस आहे असं सांगितलं होतं. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण ते चटकन बिथरतं, हे मुळापासून जाईलच असं नाही, सांभाळून राहावं लागेल. वेळेवर जेवा, उपाशी राहू नका, धास्ती कमी करा, असं ते म्हणाले. मी नेमकं उलटं करत होते. पोटात काही नसलं तर काही होणार नाही, या समजुतीनं सकाळी घोटभर चहासुद्धा न घेता निघायची. पाणीही टाळायची. दुपारपर्यंत डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची, आणि पोट दुखायचं ते दुखायचंच. माझे मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. ते एकदा जेवताना शांतपणे म्हणाले, लई हाल होत असतील तर सोड नोकरी, आपण भागवू. प्रेमानंच म्हणाले होते, पण मला रडू आलं. आमच्या दोन्ही मुली वर्गात मोठ्या ऐटीत सांगायच्या, की आमची आई गाडी चालवते. गाडी ड्रायव्हर चालवतो, हे त्यांना पटतच नसे. ती ऐट मला मोडायची नव्हती. तरीही दिवाळीनंतर मी मनाशी ठरवून टाकलं, की आता पुरे, साहेबांना भेटून राजीनामा द्यायचा.

ते ठरलेलं असतानाच हा प्रसंग घडला. उमापूरच्या बाजाराचा दिवस होता. गाडी गच्च भरलेली, पिशव्या, कोंबड्या, मेथीचे गठ्ठे. गेवराई सोडून थोडं पुढं गेलो आणि मला कळ आली. नेहमी कळ आली की थोडी ओसरते, मग पुन्हा येते. त्या दिवशी ओसरायचं नाव नाही. दोन्ही बाजूंना कापूस आणि तुरीची शेतं, मधे गाव नाही. मी बारला धरून उभी होते. समोरचा माणूस सुटे मागत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कानात शिरत नव्हते.

त्या वेळी मी देवीला कसलाही नवस बोलले नाही. बोलायला काही उरलंच नव्हतं. नारळ नाही, ओटी नाही, बरं कर असंही नाही. मनात एवढंच आलं, की माय, आता माझ्या हातात काही नाही, तूच बघ. आणि माझ्या हातानं घंटीची दोरी ओढली.

गाडी कडेला लागली. ड्रायव्हर भाऊंनी मागं वळून पाहिलं, कारण तिथं थांबा नव्हता. सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठली. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. भरल्या गाडीत खणखणीत आवाजात ती म्हणाली, "थांबू दे रं बाबा जरा. माझं पोट लई दुखायलंय, मला उतरू दे." आणि माझा हात धरून म्हणाली, "चल माय, मला धर."

मी तिला धरलं, की तिनं मला, हे आजही सांगता येणार नाही. आम्ही उतरलो. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याचं एक घर होतं. अंगणात एक तरुण बाई धुणं धूत होती. म्हातारीनं तिला सरळ विचारलं, संडास हाय का गं? तिनं साबणाच्या हातानंच घरामागं बोट दाखवलं आणि बादली भरून दिली. म्हातारी मला म्हणाली, उतरलीच हायस तर तू बी जाऊन ये, तुझ्या अंगावर सरकारी कपडे हायती, तू आत जा, मी जाते तिकडं तुरीत. मी आत गेले. दार लावून घेतलं आणि मोकळी झाले तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुखणं थांबलं म्हणून नव्हे. माझी लाज कुणीतरी आपल्या अंगावर घेतली होती, म्हणून.

परत येताना तिचा हात धरूनच आले. कुठल्या तुम्ही, विचारलं. तलवाड्याची हाय, लेकीकडं चालले उमापूरला, ती म्हणाली. तलवाडा ऐकून माझ्या अंगावर काटा आला. गाडीत एकानं तिला खिडकीजवळची जागा दिली, एका बाईनं बडीशेप दिली, सगळ्यांनी तिचीच चौकशी केली. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. उमापूरला उतरताना मी तिच्या पायांना हात लावला. ती म्हणाली, आगं माझ्या पाया कावून पडतीस, आणि पुढं काहीतरी म्हणत होती, पण बाजाराची गर्दी आत घुसली आणि ती दिसेनाशी झाली.

तो दिवस कसा सरला कळलं नाही. मन हलकं झालं होतं. परतीच्या फेरीआधी गाडी उभी असताना मी ड्रायव्हर भाऊंना सगळं खरं सांगून टाकलं. आजवर नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊ वयानं मोठे आहेत, कमी बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, सीटवर बसून बसून मला मूळव्याध झालीय. मी तरी कुणाला सांगतो? तुमी घंटी मारा, मी थांबवीन. कावून थांबवली, ते कुणाला सांगायचं काम न्हाई." आम्ही दोघंही हसलो. राजीनाम्याचा विषय तिथंच मिटला.

त्यानंतर मी डॉक्टरांचं ऐकायला लागले. सकाळी ज्वारीची भाकरी आणि वरण खाऊन निघायचं, दुधाचा चहा बंद, ठेचा बंद, औषध वेळेवर. त्या पत्र्याच्या घरातल्या बाईशी मैत्री झाली. गरज पडली तर संडासाला येईन, असं उमापुरात शाळेतल्या बाईंना सांगून ठेवलं, वाटेवरच्या आणखी एका घरी सांगितलं. मी दार ठोठावण्याआधी वाटायचं, लोक काय म्हणतील. कुणी काहीच म्हणालं नाही. उलट एकीनं, तुझ्यासारखंच माझ्या भावजयीलाही होतं, म्हणून डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला. कळा येतच राहिल्या, पण आता वाटेत दारं उघडी होती. गंमत अशी, की दारं आहेत हे ठाऊक झाल्यावर कळाही कमी झाल्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला मालकांसोबत मोटारसायकलवर तलवाड्याला गेले. आभार मानायचे होते. पायऱ्यांच्या खाली लिंबाच्या सावलीत चार बायका डाळ निवडत बसल्या होत्या, आणि त्यात ती म्हातारी होती. मी साडीत होते, म्हणून तिनं आधी ओळखलं नाही. उमापूरची गाडी म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं. मी म्हणाले, "आजी, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. तुमच्यामुळं माझी अब्रू राहिली."

ती म्हणाली, "खोटं कावून बोलू? मलाच कळ आलती गं. आदल्या दिवशी तेराव्याचं जेवायला गेलते, ते बाधलं. गाडी थांबवा म्हणायची लाज वाटायली. देवीला म्हणलं, माय, तूच थांबव आता. अन् तू घंटी मारलीस. मला वाटलं, ह्या लेकराला कसं कळलं? वर हात धरून उतरवलंस बी."

मी तिच्याजवळ बसले. त्या दिवशी माझंही पोट दुखत होतं, घंटी मी माझ्यासाठीच ओढली होती, हे तिला सांगितलं. ती हसायला लागली. मीही हसले. हसता हसता दोघींनी पदरानं डोळे पुसले. बाकीच्या बायका विचारत होत्या काय झालं.

वर जाऊन ओटी भरली. हात जोडले, पण काही मागितलं नाही. देवीनं तिला माझ्याकडं धाडलं, की मला तिच्याकडं, हे मला ठाऊक नाही, आणि शोधायचंही नाही. एवढं मात्र कळलं, की मी जोवर सौदा करत होते तोवर मला काही दिसत नव्हतं. तूच बघ असं म्हणून हात सैल सोडला, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. आपण ज्याला आपली फजिती समजतो, ती कधी कधी दुसऱ्याची सुटका असते.

आजार आजही आहे. काही दिवस वाईट जातात, घंटी मारावी लागते, भाऊ गाडी कडेला घेतात आणि काचेवरची धूळ पुसत उभे राहतात. पण नोकरी चालू आहे आणि मी समाधानी आहे. तलवाड्याला त्या दिवशी आम्ही डोंगर उतरल्यावर आजीनं आम्हाला घरी नेलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी आधी नको म्हणाले. घराबाहेर खायची माझी सवयच मोडली होती. तिनं माझ्या ताटात मऊ भात वाढला, त्यावर साधं वरण आणि शेजारी वाटीभर ताक, तिखटाचं काही जवळ येऊ दिलं नाही. मी एक घास घेतला, मग दुसरा. कितीतरी दिवसांनी, परक्या घरी, परतीची वाट लांब असताना, मी पोटभर जेवले.